निकालाचा फलक आणि शाळेची पारख

दहावीचा निकाल लागला कीं दुसऱ्या दिवशीं गांवाच्या चौकाचौकांत फलक लागतात. अमुक विद्यालयाचा निकाल शेंकडा शंभर, अमुक हायस्कुलाचे इतके विद्यार्थी शेंकडा नव्वदांच्या वर, आणि खालीं संस्थेच्या अध्यक्षांचीं व चिटणिसांचीं छायाचित्रें. ज्या शाळेस फलक छापण्याइतका पैसा नाहीं, म्हणजे नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा एखादी जुनी अनुदानित शाळा, तिचा निकाल कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. आणि जून महिना जवळ आला कीं आईबाप आपलें मूल हाताशीं धरून फलकाच्या दिशेनें चालूं लागतात. ही निवड विचारपूर्वक होते काय, आणि ज्या आंकड्यावर ती उभी असते तो आंकडा खरोखर कांहीं सांगतो काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. मुलाच्या आयुष्याचीं पांच वर्षें व बापाच्या कमाईचा मोठा हिस्सा ज्यावर खर्ची पडतो, त्याची चौकशी आपण एखाद्या बैलाच्या खरेदीइतकीही करीत नाहीं, हें मोठें आश्चर्य होय.

प्रथम आंकड्याचीच तपासणी करूं. महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ लागला. २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला. २०२० सालीं तो ९५.३० वर चढला, आणि २०२१ सालीं ९९.९५ झाला. एका वर्षांत महाराष्ट्रांतील मुलें बारा अंशांनीं मंद झालीं आणि दुसऱ्याच वर्षीं अठरा अंशांनीं हुशार झालीं, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. घडलें तें इतकेंच कीं, भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांत शाळेनें स्वतः द्यावयाचे वीस गुण २०१९ च्या परीक्षेपुरते काढून टाकले होते. त्यावर ओरड झाली, व पुढील परीक्षेस ते परत देण्यांत आले. २०२१ सालीं तर कोरोनाच्या साथीमुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं. नववीचे गुण आणि दहावीच्या वर्षांतील शाळेचें स्वतःचें मूल्यमापन यांवरून निकाल तयार झाला, आणि हजारांत एखादेंच मूल नापास ठरलें.

यावरून तोंडी परीक्षा निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जें मूल लिहिण्यांत अडखळतें पण बोलण्यांत व समजण्यांत मागें नसतें, त्याला तिचा न्याय मिळतो. परंतु ज्या शाळेचा लौकिक निकालावर अवलंबून आहे, त्याच शाळेच्या हातीं निकालाचे कांहीं गुण असले, तर दुकानदारानें आपलाच माल आपल्याच मापानें मोजून गिऱ्हाइकाला पावती दिल्यासारखें होतें. माप खोटेंच असेल असें नाहीं. पण त्या पावतीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा व्यापारी बाजारांत फार दिवस टिकत नाहीं. शिवाय २०२५ सालीं सबंध राज्याचा निकालच ९४.१० होता. जेथें शंभरांतील चौऱ्याण्णव मुलें उत्तीर्ण होतात, तेथें "आमचा निकाल शेंकडा शहाण्णव" या वाक्यानें दोन शाळांमधील भेद कितीसा कळणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. शेंकडा काढतांना शंभर कोणास धरलें, हें फलकावर कधींच लिहिलेलें नसतें. परीक्षेला बसलेल्यांपैकीं किती उत्तीर्ण झाले, एवढेंच तेथें असतें. आठवींत साठ मुलें होतीं, नववींत पन्नास उरलीं, दहावीच्या परीक्षेला चाळीस बसलीं आणि चाळीसही उत्तीर्ण झालीं, तर फलकावर शंभर येतात. गळालेलीं वीस मुलें कोणाच्याच खात्यावर पडत नाहींत. कांहीं मुलें घरच्या गरिबीमुळें सुटतात. कांहीं नववींत रोखलीं जातात. आणि कांहींच्या पालकांस बोलावून, "याचें नांव येथून काढा, सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसवा," असा सल्ला दिला जातो, अशी तक्रार पालकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येते. सतरा नंबरचा अर्ज हा वास्तविक ज्यांची शाळा परिस्थितीनें सुटली त्यांच्यासाठीं ठेवलेला दरवाजा आहे. त्याचा उपयोग शाळेचा निकाल स्वच्छ दिसावा म्हणून कच्च्या मुलांस बाहेर लोटण्याकडे होत असेल, तर ती शिक्षणसंस्थेची प्रतारणा होय. दुखणाईत माणसांस दारांतूनच परत पाठवून, "आमच्या दवाखान्यांत कोणी मरत नाहीं," अशी पाटी लावण्यासारखा हा प्रकार आहे.

तिसरा मुद्दा आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको, इतका तो त्यांच्या रोजच्या व्यवहारांतला आहे. विक्रीचा आंकडा पाहून कोणी नफा ठरवीत नाहीं. खरेदी काय भावानें झाली तें आधीं पाहतात. जी शाळा शिकलेल्या घरचीं, शिकवणी लावलेलीं, पुस्तकांत वाढलेलीं मुलें घेते, ती नव्वद गुणांचें मूल घेऊन पंच्याण्णवांचें परत देते. नगरपालिकेच्या शाळेंत जें येईल तें मूल घ्यावें लागतें. बाप हमाल, आई चार घरचीं धुणींभांडीं करणारी, घरांत अभ्यासाला बसावयास कोपरा नाहीं, असें मूल तेथें पांचवींत अडखळत वाचीत येतें आणि दहावीला साठ गुण मिळवितें. या दोहोंत शिक्षकाची कमाई कोणत्या शाळेंत अधिक झाली? फलकाच्या हिशेबानें पहिली शाळा श्रेष्ठ ठरते. खऱ्या ताळेबंदांत दुसरीच पुढें जाईल. मूल शाळेंत आलें तेव्हां त्याला काय येत होतें आणि गेलें तेव्हां काय येऊं लागलें, या दोन नोंदींवांचून शाळेची पारख अपुरी राहते.

यावर कोणी म्हणेल कीं, शाळा संस्थेची, पैसा पालकांचा, मग लोकांनीं हिशेब मागण्याचा अधिकार कोठून आणला? याचें उत्तर इतिहासांत आहे. १८८२ च्या हंटर कमिशननें सरकारनें माध्यमिक शाळा स्वतः चालविण्यांतून हळूहळू अंग काढून घ्यावें व खाजगी संस्थांस अनुदान द्यावें, असें धोरण सुचविलें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८८० सालीं, चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्या उद्योगानें पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें होतें, आणि पुढें १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. अशा संस्थांनीं हें काम अंगावर घेतलें, म्हणून आपल्याकडे माध्यमिक शाळा संस्थेची आणि शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरींतून, ही व्यवस्था रुजली. तिजोरी म्हणजे बाजारांतील नाना वस्तूंवर कर देणारी रयत. याच हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं सांगितलें होतें कीं, सरकारचा वसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो. तें गाऱ्हाणें आज जसेंच्या तसें लागू नसेल. पण जो पैसा देतो त्याला हिशेब मिळाला पाहिजे, हें त्यांतील तत्त्व जुनें झालेलें नाहीं. अनुदानित शाळा संस्थाचालकांची खाजगी मिळकत नव्हे; ती लोकांच्या पैशावर चालते, व लोकांनीं तिला प्रश्न विचारणें हा त्यांचा हक्क आहे.

आतां हे प्रश्न कोणते, तें पाहूं. आमच्या मतें कुटुंबानें शाळा निवडतांना निकालाच्या फलकाकडे पाठ करून पांच गोष्टी विचाराव्या. पहिली, गणित, विज्ञान व इंग्रजी या तीन विषयांस त्या त्या विषयाचा शिकलेला शिक्षक आहे काय, कीं जागा रिकामी असून दुसराच कोणी तास भरून काढतो? इमारत कितीही देखणी असली तरी गणिताचा शिक्षक दोन वर्षें नसेल, तर ती शाळा मुलाच्या दृष्टीनें अर्धी बंदच समजावी. दुसरी, आठवींत जितकीं मुलें होतीं त्यांतील कितीं दहावीपर्यंत पोंचलीं, व त्यांत मुली किती? तिसरी, प्रयोगशाळेंतील कपाटें उघडतात काय, ग्रंथालयांतील पुस्तकें मुलांच्या हातीं पडतात काय? चौथी, मुलींसाठीं स्वच्छ व वापरतां येण्याजोगें शौचालय आणि पाणी आहे काय? पांचवी, वर्गांतील कच्च्या मुलासाठीं शाळा काय करते? हुशार मुलासाठीं प्रत्येक शाळा कांहींना कांहीं करतेच; कच्च्या मुलाशीं ती कशी वागते यावरून तिचें खरें रूप दिसतें. तो मागच्या बांकावर बसून असतो काय? कोणाचीं मुलें पुढें व कोणाचीं मागें बसतात, यांत जातीचा व पैशाचा वास येतो काय? शाळेंत एक फेरी मारली तर एवढें ज्याचें त्याला दिसतें.

हीं माहिती मिळवावयाची साधनें नाहींत असें नाहीं. शाळांची माहिती सरकार दरवर्षीं गोळा करतें. प्रत्येक शाळेला यू-डायस नांवाचा अकरा अंकी क्रमांक आहे, आणि शिक्षक किती, विद्यार्थी किती, खोल्या किती, याची नोंद त्यावर होते. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा सरकारी शाळांस लागू आहे, व सरकारी पैशावर मुख्यत्वें चालणाऱ्या संस्थाही त्याच्या कक्षेंत येतात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांस शाळा व्यवस्थापन समिती घालून दिली आहे. तींत तीन चतुर्थांश सभासद पालकांतून व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. दुर्दैव असें कीं पुष्कळ ठिकाणीं ही समिती सह्यांच्या पुस्तकांतच भरते. पालक सही करून चहा पिऊन परत येतात, आणि शिक्षकाची रिकामी जागा रिकामीच राहते.

या कायद्यांतील एक मोठी उणीव येथेंच सांगितली पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, तें फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानापुरतें तें धोरण स्वीकारलें. सर्व देशास कायद्यानें हक्क मिळावयास २००९ साल उजाडलें. आणि इतका उशीर होऊनही तो हक्क सहा ते चौदा वर्षें वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच मिळाला. शाळेंतील दुपारचें जेवणही आठवीपर्यंतच. मूल चौदा वर्षांचें झालें कीं राज्य आपला हात काढून घेतें. आणि नेमक्या त्याच वयांत बापाला तें दुकानावर, शेतावर किंवा कारखान्यांत हवेंसें वाटूं लागतें. मुलीच्या बाबतींत तर गांवांतली शाळा आठवीला संपते व हायस्कूल दुसऱ्या गांवीं असतें. चार कोसांची वाट, संध्याकाळची एस.टी. वेळेवर नाहीं, आणि घरांत लग्नाची बोलणीं सुरू. मराठवाड्यांतील ऊसतोडणी कामगारांचीं मुलें दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याकडे जातात, तीं गळीत संपल्यावर परत येतात. अर्धें वर्ष उसाच्या फडांत गेलेल्या मुलीनें दहावीची परीक्षा कशी द्यावी? दहावीच्या परीक्षेंत मुलींचा निकाल वर्षानुवर्षें मुलांपेक्षां वरचढ लागतो. तेव्हां ज्या मुली मध्येंच सुटतात त्या बुद्धीनें कमी म्हणून सुटत नाहींत, हें उघड आहे. त्यांना शाळेपर्यंत पोंचविण्याचें काम आपण केलें नाहीं, म्हणून त्या सुटतात.

म्हणून शाळा कुटुंबास सोयीची आहे किंवा नाहीं, याचें उत्तर शाळेच्या भिंतींच्या आंत सांपडत नाहीं. जी शाळा तीन मैलांवर आहे व जिच्या वेळेला गाडी नाहीं, ती कितीही चांगली असली तरी गरिबाच्या मुलीपुरती ती नाहींच. जेथें वसतिगृह आहे, जेथें एस.टी.चा पास वेळेवर मिळतो, जेथें मुलगी आठ दिवस आली नाहीं तर शिक्षक घरीं येऊन चौकशी करतो, ती शाळा निकालांत चार अंशांनीं मागें असली तरी आम्ही तिला पुढची मानूं.

इंग्रजीचा प्रश्न टाळून चालणार नाहीं, कारण पुष्कळ आईबाप त्याच एका कारणानें शाळा बदलतात. मुलाला इंग्रजी यावें ही इच्छा योग्य आहे. व्यापाराचा पत्रव्यवहार, वरचें शिक्षण आणि नोकरी यांचे दरवाजे त्या भाषेनें उघडतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु इंग्रजी शिकणें आणि सर्व विषय इंग्रजींत घोकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या घरांत इंग्रजीचा शब्द कानीं पडत नाहीं, तेथील मुलाला इतिहास व भूगोलही परक्या भाषेंत शिकविला, तर त्याला इंग्रजी येत नाहीं आणि भूगोलही येत नाहीं. मराठी शाळेंत इंग्रजी हा विषय उत्तम शिकवावा. ज्यांना हवें त्यांना गणित व विज्ञान हे विषय इंग्रजींतून द्यावे. सेमी-इंग्रजी या नांवानें ही सोय अनेक अनुदानित व सरकारी शाळांत आहेच. मुंबई महानगरपालिकेनें २०२० सालापासून आपल्या कांहीं शाळा केंद्रीय मंडळांच्या अभ्यासक्रमावर चालविण्यास प्रारंभ केला, तेव्हां जागांपेक्षां अर्ज अधिक येऊन सोडत काढण्याची वेळ आली. लोकांचा तिटकारा सरकारी शाळेच्या नांवाविषयीं नसून तेथें काय मिळत नाहीं याविषयीं आहे, असा त्याचा अर्थ आम्ही करितों.

सरकारी शाळांची तरफदारी करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. तेथें जागा वर्षानुवर्षें भरल्या जात नाहींत, कोठें शिक्षक वेळेवर येत नाहींत, कोठें छप्पर गळतें. शिक्षकांस निवडणुका, जनगणना व आपत्तिनिवारण यांशिवाय इतर कामास लावूं नये असें शिक्षणहक्काचा कायदा म्हणतो. तरी कागद भरण्यांत व माहिती पाठविण्यांत त्यांचा किती वेळ जातो, हें कोणत्याही मुख्याध्यापकास विचारावें. हे दोष खरे आहेत. पण ते टिकून कां आहेत, याचेंही कारण पाहिलें पाहिजे. ज्यांना बोलतां येतें, ज्यांचा शब्द कचेरींत ऐकला जातो, ज्यांची नगरसेवकाशीं ओळख आहे, त्यांनीं आपलीं मुलें या शाळांतून काढून घेतलीं. मागें राहिलीं तीं ज्यांच्या तोंडाला कोणी विचारीत नाहीं त्यांचीं. शाळा वाईट म्हणून सुस्थित लोक गेले, आणि सुस्थित लोक गेले म्हणून शाळा अधिक वाईट झाली. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं, उत्तर प्रदेशांतील सरकारी नोकरांनीं व लोकप्रतिनिधींनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीं, असा आदेश काढला होता. तो अंमलांत आला नाहीं, आणि सक्तीनें असें होईल असेंही आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्या न्यायाधीशांनीं रोगाच्या मुळावर बोट ठेवलें होतें, यांत संशय नाहीं.

तेव्हां आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. मंडळानें व शिक्षणखात्यानें प्रत्येक शाळेच्या निकालाबरोबर आठवींतील पट, दहावीस बसलेल्यांची संख्या आणि मध्यें सुटलेल्यांची संख्या, मुलगे व मुली निरनिराळ्या दाखवून, छापावी. शाळेनें स्वतः दिलेले गुण व मंडळाच्या लेखी परीक्षेचे गुण वेगळे दाखवावे. मोठी तफावत आपोआप उघडी पडेल. शिक्षणाचा हक्क व दुपारचें जेवण दहावीपर्यंत वाढवावें. ज्या वयांत मूल गळतें त्याच वयांत आधार काढून घेण्यासारखा उफराटा हिशेब दुसरा नाहीं. संस्थाचालकांनीं फलकावर आपल्या छायाचित्रांऐवजीं शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा आंकडा छापण्याचें धैर्य दाखवावें.

आणि आमच्या वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या पेठेंतील, आपल्या वॉर्डांतील जी सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तींत आपलें मूल असो वा नसो, येत्या जून महिन्यांत एकदां जाऊन यावें. तेथें शिकणारीं मुलें आपल्याच दुकानांतील नोकरांचीं, आपल्याच घरीं येणाऱ्या बायांचीं आणि आपल्याच गिऱ्हाइकांचीं आहेत. मुख्याध्यापकास वरील पांच प्रश्न नम्रपणें विचारावे, मिळालेलीं उत्तरें लिहून घ्यावीं आणि दिवाळीनंतर पुन्हां जाऊन तीं पडताळून पाहावीं. चार प्रतिष्ठित गृहस्थ वर्षांतून दोनदां शाळेच्या पायऱ्या चढतात, एवढें जरी गांवांत कळलें, तरी गणिताच्या शिक्षकाची जागा भरण्यास कचेरींतील कागद हलूं लागेल.